डाव्या पायातली चप्पल

बायको समोर उभी राहून बोलतेय आणि हा काचेत बघून ‘हं’ म्हणतो, ही कुठली तऱ्हा, असं पुटपुटत आईनं चहाचा कप मुलाच्या लॅपटॉपला अगदी टेकवून ठेवला. त्यानं कप सरकवला. लॅपटॉप नाही.



“दुसऱ्या गावच्या इस्पितळातली नोकरी मी घेतेय,” सून म्हणाली. “तू बोलणारच नसशील, तर आजच निघते.”

“नाही निघणार.” त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. “तीन वर्षांत अकरा वेळा बॅग भरलीस, अकराही वेळा परत उपसलीस. वार, वेळ, भांडणाचं कारण, सगळं घातलंय यात. चौऱ्याण्णव टक्के तू थांबतेस.”

मोबाइल कंपनीत त्याचं कामच ते. कुठलं गिऱ्हाईक सोडून जाणार, हे गणितानं आधीच ओळखायचं. त्याबद्दल मिळालेली काचेची ढाल पुसताना आई दर वेळी तोंड वाकडं करायची. तिची शाळा चौथीत सुटली होती. चौऱ्याण्णव हा आकडा तिला मार्कांपुरता ठाऊक, आणि एवढे मार्क या घरात कुणालाच कधी पडले नव्हते.

सून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

“बारावी वेळ,” म्हणत मुलानं काहीतरी टाइप केलं.

आई गुडघा धरून उठली. चपलांच्या मांडणीसमोर वाकून तिनं सुनेची जोडी उचलली, जरा वेळ हातात धरली. मग तळव्यानं धूळ झटकून ती दाराशी सरळ मांडून ठेवली.

सून बॅग घेऊन आली आणि चपलांपाशी थबकली.

“आई, दोन्ही?”

“दोन्ही.”

“गुडघ्याचं तेल वरच्या खणात आहे,” सून म्हणाली.

“माझं मी बघते. पोचलीस की फोन कर. मला.”

दार लागलं.

“येईल दहा मिनिटांत,” मुलगा म्हणाला.

दहाची वीस झाली, विसाची चाळीस. त्यानं दाराकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं.

“यात काहीतरी धरायचं राहिलंय.”

“मी राहिले,” आई म्हणाली. “अकरा वेळा ती थांबली नव्हती, मी थांबवली होती. कपाट वाजलं की तिची डाव्या पायातली चप्पल मी पिठाच्या डब्यामागे दडवायची. तिलाही ठाऊक असायचं. तरी दोघी शोधायचो, शोधता शोधता ती हसायची, राग उतरायचा. तू या खुर्चीतच होतास.”

“मग आज का नाही दडवलीस?”

आईनं गार झालेला कप उचलला.

“आज तू तिला गिऱ्हाईक केलंस. नवरा म्हणून तू नापास आहेस. तीन वर्षं तुला काठावर पास करत आले, ती मी. आता विचार त्या डबड्याला, संध्याकाळी तुला कोण वाढणार. मी नाही, एवढं आधी भर त्यात.”