जिभेवर मेलेली साखर

मी काचेची परीक्षानळी बोलतेय. वीतभराहून थोडी कमी लांब, बुडाशी गोल आणि वर ओठ किंचित बाहेर वळलेला. आवाज बारीक आणि स्वभाव दचकणारा. शेजारी कुणी बाटली जरा जोरात ठेवली तरी माझ्या अंगातून कळ जाते. काचेच्या जातीला हे असायचंच, असं मी स्वतःला समजावते. त्याने भीती कमी होत नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका भट्टीत झाला. त्यातलं ऊन ऊन काहीतरी तेवढं आठवतं. मग भुशाच्या पेटीत निजून मी आगबोटीने मालवणला आले. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि माणसं आणि सामान होडीत उतरवलं जायचं. पेटी खाली देताना एकजण म्हणाला, "सांभाळ रे, काच आसा," आणि खालच्याने ती अर्ध्यातच झेलली. माझ्या काही बहिणी तिथेच गेल्या. मी वाचले, यात माझं कर्तृत्व काही नाही.

डॉक्टर गवंड्यांच्या दवाखान्यात मला काम मिळालं, ते मधुमेह ओळखण्याचं. माझ्यात निळं औषधी पाणी घालायचं, त्यात रोग्याच्या लघवीचे थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची. पाणी निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं की डॉक्टर चष्मा काढून ठेवायचे. रोगी माझ्याकडे असे बघत की रंग जणू मीच ठरवते. मी फक्त तो धरून ठेवते.

सन सत्तावन्नचा सुमार असेल. मधुमेहाच्या गोळ्या अजून आमच्या गावापर्यंत पोचल्या नव्हत्या. इन्शुलिनच्या बाटल्या मुंबईहून यायच्या. दवाखान्यात त्या ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवत. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की औषधही अडायचं. म्हणून डॉक्टरांच्या मनात बेडकीच्या पाल्याचा विचार आला. ही आपल्या रानातली वेल. तिचा काढा मधुमेहावर देतात असं ते ऐकून होते, पण नुसत्या ऐकण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काढा द्यायचा, रोज माझ्यातला रंग बघायचा आणि मग गुण आला की नाही ते मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना कळवायचं, असं त्यांनी योजलं.

पहिले रोगी ठरले दत्ताराम तांडेल, तारकर्लीच्या मासेमारीच्या एका मचव्याचे मुख्य. त्यांची मुलगी सुगंधा कोल्हापूरला इंटर सायन्स करून आलेली आणि दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी. दत्तारामांच्या पायाच्या अंगठ्याला कालवाचं शिंपलं लागलं होतं आणि जखम काही केल्या भरत नव्हती. पाकट माशाचा काटा हातातून स्वतः उपसणारा हा माणूस, पण इंजेक्शनची सुई बघितली की पाय पोटाशी घ्यायचा.

"माका सुई नको," ते म्हणाले. "पालो दिया. टोपलीभर खातंय."

डॉक्टरांना एक गंमत करून दाखवायची हौस होती. त्यांनी दत्तारामांना बेडकीचं पान चावायला दिलं आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. दत्ताराम तोंड हलवत राहिले.

"डॉक्टर, ही साखर नाय. रेंव आसा."

"वाळू नव्हे, साखरच आहे. बघा पाल्याची ताकद," डॉक्टर हसून म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी सांगितलं, "मार्गशीर्ष संपेपर्यंत काढा घ्या. गोडाला हात लावायचा नाही. रंग उतरला नाही तर सुई. तीही नको म्हणालात तर घाटावर नेऊन पाऊल कापावं लागेल."

"पाऊल गेला तर मचव्यार उभो कसो रवतलंय?" दत्ताराम म्हणाले.

सुगंधाने मला कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून तारकर्लीला नेलं. तिथे माडाची झावळ पडली की आम्ही दोघी एकदम दचकायचो. पण दिव्यावर धरताना तिचा हात स्थिर असायचा. विटकरीचा नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा, आणि एका सकाळी मी हिरवी झाले. सुगंधा मला घेऊन थेट उजेडात, उंबऱ्याशी गेली.

"हिरवो?" तिची आई सावित्री चुलीपुढून म्हणाली. "बरो की वायट?"

"बरो गो आये. खूप बरो."

मग जत्रांचे दिवस सुरू झाले. आमच्याकडे जो जत्रेला जातो तो परतताना ओळखीच्या घरी खाजं दिल्याशिवाय जात नाही, आणि देवाच्या दारातून आलेल्या खाज्याला कुणी नको म्हणत नाही. बेसनाची शेव, वर गुळाचा जाड थर.

त्याच सुमारास माझा रंग उलटा फिरला. आधी पिवळा, मग नारिंगी. सुगंधाने मला राखेने घासलं, सोड्याने धुतलं, निळं पाणी नवीन आणलं. माझ्याच बुडाशी काही राहिलं असेल अशी मलाही शंका आली. रंग विटकरी झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाल्यात अर्थ नाही. गुण नाही असं मी मुंबईला कळवून टाकतो. सुईची तयारी करा." अंगठ्याचं टोक काळं पडू लागलं होतं.

त्या दुपारी ती घरच्या अंगणात मला धूत होती. शेजारची नर्मदा जत्रेहून आली आणि ओटीवर खाज्याची पुडी ठेवून म्हणाली, "देवाचा आसा, नाय म्हणा नकात." दत्तारामांनी कनवटीला खोचलेलं बेडकीचं एक पान काढलं, सावकाश चावलं, थोडे थांबले आणि मग खाजं कुरकुर खाऊ लागले. सुगंधाने मागे वळून बघितलं मात्र, मी तिच्या हातातून निसटले आणि दगडावर आपटले. ओठाचा टवका उडाला. तिने मला उचललं, पण ओरडली नाही. ओटीवर जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा, कधीपासून खातास?"

"पयल्या जत्रेपासून."

"आनी साखर?"

"ती खंय आसा?" दत्ताराम अगदी मोकळेपणाने म्हणाले. "आदी पान चावतंय. साखर जिभेरच मरता. डॉक्टरानीच दाखवल्यानी. इचार तुझ्या आवशीक."

"तोंड वाकडा करून खातत," सावित्री आतून म्हणाली. "गोड लागला असता तर मी हात लावूक दिलो नसतो."

"मगे खातास कित्याक?"

"देवाच्या खाज्याक नाय म्हणूचा? रेंव तर रेंव."

"आमच्या खाज्याक रेंव म्हणतत," नर्मदा पदर खोचत उठली. "परत आणूचंय नाय."

सुगंधाने थोड्या वेळाने त्यांची लघवी घेऊन तिथेच, त्यांच्यासमोर दिवा पेटवला. दत्तारामांनी मला उकळताना कधी बघितलं नव्हतं. ते वाकून बघत राहिले. निळं गेलं आणि तळापासून विटकरी गाळ उठला.

"मगे साखर मरूक नाय?"

"जिभेक कळना नाय, बाबा. रगताक कळता."

त्यांनी काळ्या अंगठ्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "आजपासून खाजा बंद. पालो परत सुरू कर. खरो की खोटो, तो आता कळात."

सुगंधालाही तेच हवं होतं. माझ्याभोवती तिची बोटं घट्ट झाली, त्यावरून मला कळलं. असा सगळं मान्य करणारा रोगी पुन्हा कुठे मिळणार? पण तिने मला खाली ठेवलं.

"अंगठो थांबूचो नाय, बाबा. सुई."

"कोण टोचतला?"

"मीच."

"मगे मी डोळे मिटतंय," दत्ताराम म्हणाले. "तू मिटू नको."

डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं तेव्हा मी मेजावरच होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "पान मीच चावायला दिलं," एवढंच म्हणाले. मुंबईला त्यांनी पाला निकामी असं लिहिलं नाही, गुणकारी असंही लिहिलं नाही.

अंगठा काढावा लागला. पाऊल राहिलं. पुढच्या हंगामात दत्ताराम मचव्यावर उभे होते, थोडे तिरके, पण उभे.

आता सन चौसष्ट उजाडलंय. गोळ्या आल्या आहेत आणि पाल्याची परीक्षा अर्धीच राहिली. तो पहिला हिरवा रंग पाल्याचा होता, की घाबरलेल्या माणसाने तेव्हा जेवण आवरलं होतं म्हणून होता, ते मला माहीत नाही. पाल्याने गुण येतो का, असं लोक अजून विचारतात. सुगंधा "कळलं नाही" म्हणते, आणि हे उत्तर कुणालाच आवडत नाही.

टवक्यापासून निघालेली एक बारीक रेघ माझ्या बुडापर्यंत पोचलीय. परवा सुगंधाने ती बोटाने चाचपली आणि मला दिव्यावर धरायचं बंद केलं. माझ्या जागी नवी नळी आलीय. तेव्हा माझं बोलणं इथेच थांबवते. तुमच्यातलं कुणी हा पाला पुन्हा पारखायला घेणार असेल, तर माझी एक विनंती आहे. रंग बघण्याआधी रोग्याशेजारी बसा आणि काल काय काय खाल्लं ते विचारा. आवाज चढवू नका. त्या दुपारी सुगंधा ओरडली असती, तर दत्तारामांनी पुडी पाठीमागे लपवली असती, आणि मी रोज विटकरी होत राहिले असते.