माझ्या किमतीची लंका

मी म्हैस बोलतेय. माझं नाव चांदी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे, त्यावरून हे नाव पडलं. एरवी अंगानं मी काळीकुट्ट. सांगलीत बिराप्पा गवळ्याच्या गोठ्यात आम्ही सगळ्याजणी दाटीनं उभ्या असतो. इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, म्हणून नाव आधीच सांगून टाकलं.

मी माझ्या मालकिणीच्या, राहीबाईच्या माहेरची, तासगावकडची. लग्न होऊन ती पलूसजवळच्या वस्तीवर नांदायला आली, तेव्हा तिच्या बापानं मला तिच्याबरोबर धाडलं. मी तेव्हा नुकती चारा खायला लागलेली वगार होते. नव्या घरात आम्ही दोघीही बुजलेल्या. ती चुलीपुढं गप्प, मी दावणीला गप्प. धुणंभांडी उरकली की ती माझ्यापाशी येऊन बसायची आणि मग तिला कंठ फुटायचा.

तिचा नवरा लालासाहेब लग्नानंतर लगेच पलटणीत गेला. लढाई लागली, आणि तो आगबोटीनं पार मिसर देशाला पोचला. घरी थोरला दीर जोतीराम ऊस बघायचा. लालासाहेबाची पत्रं यायची. त्यात तो दर्याचं लिहायचा आणि शेवटी हमखास एक ओळ असायची, की तुला एकदा आगबोटीत बसवीन. ती ओळ राहीबाईनं कुणाकडून तरी वाचून घेतली की मला येऊन सांगायची. मी रवंथ करत ऐकायची.

लढाई संपली. लालासाहेब धडधाकट परत आला. त्याच सुमाराला सांगलीचे अण्णा मास्तर पलूसच्या बाजारात आले. दरसाल रामेश्वरला माणसं न्यायची, हा त्यांचा शाळा सोडल्यानंतरचा उद्योग. यंदा रामेश्वरावरून पुढं, समुद्र ओलांडून, थेट लंकेला जायचं त्यांनी ठरवलं होतं. आगगाडी, आगबोट, दोन वेळचं जेवण, उतरायची सोय, सगळं एका रकमेत. अंथरूण आणि तांब्या तेवढा आपला.

लालासाहेबानं ठरवलं, दोघांनी जायचं. त्याचं भाडं पलटणीतून मिळालेल्या पैशातून. राहीबाईचं भाडं माझ्या दुधातून.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. राहीबाई धार काढताना माझ्याशी बोलायची, "चांदे, ह्ये सकाळचं दूद आगगाडीचं. सांजंचं आगबोटीचं. कमी देऊ नगंस बाय, न्हाईतर मदीच दर्यात उतरावं लागंल मला."

घरात कोऱ्या चहाची चाल पडली. तूप सगळं पलूसला विकायला जायचं. लुगडं फाटलं तर तिनं ठिगळ लावलं, नवं घेतलं नाही. पैसे लालासाहेबाकडं जमा व्हायचे. संध्याकाळी तो गोठ्याच्या दारात बिडी ओढत बसायचा आणि दोघांचे बेत चालायचे.

"तिकडं म्हनं खोबरेल तेलात सैपाक असतोय."

"मग चटणीचा डबा मोठा घिऊ," राहीबाई म्हणायची. "आनि आगबोट डुलती म्हनं. मला मळमळलं तर?"

"लिंबं घ्यायची. मी हाय की."

'मी हाय की' म्हणताना त्याचा आवाज इतका मऊ असायचा, की मीसुद्धा कान टवकारायची. पलटणीतला हवालदार आपल्या बायकोची मळमळ सांभाळणार, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मग अण्णांचा निरोप आला. आगगाडीचं भाडं वाढलंय, माणशी जास्त भरावे लागतील. शिवाय महिनाभर घराबाहेर राहायचं तर माझी धार काढणार कोण? मी राहीबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हते.

तोड राहीबाईनंच काढली. माझ्या पाठीवर हात ठेवून, त्याच लाडिक आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "चांदीला इकू या. आल्यावर दुसरी घेता यील."

दुसरी! मी मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती लंकेकडं बघत होती. माणसाच्या डोळ्यांत एकदा लांबचा गाव भरला, की जवळचं जनावर दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बिराप्पा गवळी येऊन कास बघून गेला, इसार देऊन गेला. तो इसार वाढलेल्या भाड्यात गेला. मंडळी निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला न्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात जोतीराम मला वैरण टाकायला आला. वैरण डाव्या हातानं टाकत होता. उजवा दंड सुजलेला. राहीबाई शेण काढत होती. पदर सारखा करून तिनं विचारलं, "भावजी, हाताला काय झालं?"

"सुई टोचली गं पटकीची. साताऱ्याला गेलतो न्हवं लालासंगं? टोचल्याबिगार आगबोटीत घेत न्हाईत म्हनं."

"तुमी कुठं निगालाय आगबोटीत?"

जोतीरामाच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "लाला बोलला न्हाई व्हय तुला?" एवढंच म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी लालासाहेब बिडी न पेटवताच दारात उभा राहिला. "थोरल्यानं जलमात पयल्यांदा तोंड उगडून मागितलं. मला न्हाई म्हनवंना. तुला फुडच्या साली न्हेतो, आयच्यान."

"आनि माज्या दुदाचं पैसं?"

"पैसं काय, घरचंच हायती की."

तो गेल्यावर राहीबाईनं माझ्या कुशीला डोकं टेकलं. मला तिचं दुःख झालं. पण खरं सांगते, आतून आनंदही झाला. आता तिला लंका नाही, मग मला विकायचं कारण काय? आम्ही दोघी पुन्हा पहिल्यासारख्या राहू, असं मला वाटलं.

बिराप्पा ठरल्या दिवशी पहाटेच आला. राहीबाई नवऱ्याला म्हणाली, "नव्या मानसासंगं चांदी जायची न्हाई. मी सोडून येते सांगलीपतोर."

ती चिडलेली नाही, याचंच लालासाहेबाला केवढं हायसं वाटलं. म्हणाला, "जा की. उरल्यालं पैसं तूच मोजून घी."

आम्ही निघालो. पुढं बिराप्पा, मध्ये दावं धरून राहीबाई आणि मी, मागं माझं पारडू. तिचा हात माझ्या मानेवर होता. तासगावचा फाटा आला तेव्हा माझी पावलं आपोआप तिकडं वळली. वाटलं, ती मला माहेरी घेऊन चाललीय. घरच्यांना नुसतं सांगायचं म्हणून सांगलीचं नाव. तिनं दावं ओढून मला सरळ रस्त्याला लावलं.

दिवस कलताना आम्ही या गोठ्यात पोचलो. पैसे घेऊन तिनं ते कनवटीला लावले आणि दावं बिराप्पाच्या हातात दिलं. मी हंबरले. ती माझ्याकडं न बघता बिराप्पाला म्हणाली, "अण्णा मास्तरांचं घर कुठल्या आळीला?"

पुढचं मला बिराप्पाच्या बोलण्यातून कळलं. अण्णांच्या घरी दुधाचा रतीब त्याचाच होता. राहीबाईनं थेट अण्णांच्या बायकोपुढं, गोदावरीबाईंपुढं, पैसे ठेवले. गोदावरीबाईंनी विचारलं, "एकट्याच आलात? घरचे कुठं आहेत?"

"घरचं दोगं पुरुषांत बसनार हायती. मी बायकांत बसते."

गोदावरीबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एक जागा आहे ना रिकामी? हिला सकाळी सुई टोचून आणते."

महिन्याभरानं राहीबाई मला भेटायला आली. उन्हानं रापलेली, वाळलेली. मी तिच्याकडं पाठ केली, तरी ती माझ्या तोंडाशी येऊन बसली.

"मिरजंच्या ठेसनावर ह्यांनी मला बघितलं," ती सांगू लागली. "त्यास्नी वाटलं व्हतं, मी रुसून म्हायेराला गेल्ये. थोरलं भावजी तर बिस्तऱ्याआड लपलं. सगळ्या वाटेत दोगंबी माज्याशी बोललं न्हाईत. आगबोटीत मला लय मळमळलं, तवा गोदावरीबाईंनी डोकं धरलं. मग वर गेले. चौबाजूनं पानी, चांदे. कुठं बांध न्हाई, काय न्हाई."

मग ती हळूच म्हणाली, "तितं उबं ऱ्हायल्यावर तुजी याद आली. तुला इकताना माजा हात कापला न्हाई. कापायला पायजे व्हता. पर खोटं कशाला बोलू? फिरून तशी येळ आली, तर फिरून इकीन."

तिनं मला कुरवाळलं नाही. उठली, पदर खोचला आणि मोठ्या रस्त्याला लागली. तिला वस्तीवर परत जायचं होतं, त्याच घरात.

ती गेल्यापासून मी विचार करतेय. लालासाहेबानं तिला फसवलं आणि वर आईची शपथ घेतली. तिनं मला फसवलं, पण आपल्या पायांनी चालत येऊन तसं तोंडावर सांगितलं. मी तिला माफ केलेलं नाही. पण त्या घरातलं एवढं एकच माणूस माझ्याशी खरं बोललं. ती पुन्हा आली, तर मी पाठ फिरवणार नाही.