अप्पांच्या मापाची गाडी

दादाने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "उघडलंच आहे तर क्लचही बघून घेऊ."

धाकटीने हातातला बोल्ट रॉकेलच्या डब्यात आपटला. हे वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. मागच्या हिवाळ्यात अप्पांची ही दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार गॅरेजात घेतली ती फक्त तेलाची गळती थांबवायला. उघडलंच आहे तर म्हणून गास्केट बदललं, गास्केट बदललं म्हणून रेडिएटर काढला, आणि रेडिएटरच्या नादात सगळा उन्हाळा गेला. शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर लोक आपापल्या गाड्या पळवत होते तेव्हा अप्पांची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर बसली होती. आता दुसरा हिवाळा चालू होता आणि कामाचं मारुतीचं शेपूट झालं होतं.

अप्पांची इच्छा ती केवढीशी! जन्मभर ही गाडी त्यांनी सभ्यपणे शाळेत शिकवायला जाताना आणि भाजी आणायला जाताना चालवली. एकदा तिला ट्रॅकवर मनासारखी पळवायची, एवढंच. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या तपासणीनंतर गाडी चालवणं बंद. थंडी सरल्यावर ट्रॅक उघडेल तो दिवस हुकला, की विषय संपला.

"दादा, त्यांना तीन फेऱ्या मारायच्यात. जग जिंकायला नाही निघालेले ते."

"अगं, ट्रॅक म्हणजे काय बाजाराचा रस्ता आहे? ब्रेक तापले की पायाखाली काही उरत नाही. अप्पांच्या जिवाशी खेळू का मी?"

दादाचा वडिलांवर जीव होता, आणि तोच तर डोक्याला ताप होता. आळशी माणसाला ओरडता येतं. ऑफिसातून आल्यावर जेवायचंही विसरून गाडीखाली शिरणाऱ्याला कुठल्या तोंडाने ओरडायचं? ती तरीही ओरडायची, ती गोष्ट वेगळी.

अप्पा अधूनमधून स्वेटर घालून गॅरेजच्या दारात येत. "कुठवर आलं?" एवढंच विचारत.

"अप्पा, गारठा आहे, तुम्ही आत बसा. झाली की बोलावतो," दादा म्हणे. अप्पा शहाण्या मुलासारखे आत जात.

नवे ब्रेक बसले. सस्पेन्शन बदललं. वजन कमी करायचं म्हणून गालिचा गेला, हीटर गेला, शेजारची सीटही गेली. मग दादाने खोलगट रेसिंग सीट आणली आणि गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. स्वतः सीटमध्ये बसून, हात लांब करून, स्टिअरिंगचं अंतर तीन-तीनदा जुळवलं. धाकटी नट आवळत राहिली. तिच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

ट्रॅकचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा अप्पांना बोलावलं. त्यांनी दार उघडलं. दारात गुडघ्याच्या उंचीवर पिंजऱ्याची आडवी नळी होती. अप्पांनी उजवा पाय उचलला, तो नळीपर्यंतही पोचेना. मग पाठमोरे होऊन बघितलं. मग दादाच्या खांद्याचा आधार घेतला. शेवटी कंबर धरून बाजूला झाले.

"छान झालीय रे," ते म्हणाले. "तूच चालव. मी बघेन."

धाकटीचं डोकंच फिरलं. दोन हिवाळे आपण दोघं घरातल्या माणसासाठी खपलो, आणि त्याच माणसाला एकदाही आत बसवून पाहिलं नाही! तिने तिथूनच ट्रॅकच्या ऑफिसला फोन लावला. सर्वांत सावकाश चालवणाऱ्यांच्या गटाला काय काय लागतं?

"चांगले ब्रेक आणि डोक्यावर हेल्मेट," पलीकडची बाई म्हणाली. "सोबत कुणी बसलं तरी चालेल."

"दादा, एवढं तरी विचारायचं होतंस!"

"तू तरी कुठे विचारलंस?" दादा पडलेल्या आवाजात म्हणाला. ते खरं होतं, म्हणून तिला जास्तच झोंबलं.

त्याच दुपारी त्याने पाना हातात घेतला. बोल्ट काढून पिंजरा बाहेर आला आणि जुन्या दोन्ही सीटा परत आत गेल्या.

ट्रॅकवर स्वच्छ ऊन होतं. अप्पा एका झटक्यात आत बसले, धाकटी शेजारी. सरळ पट्ट्यावर त्यांनी पाय दाबला आणि गाडी अशी काही सुटली की तिची हनुवटी वर गेली. अप्पा मोठ्याने हसले. असं हसताना तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचा सगळा राग उडाला.

पुढे डावं वळण आलं. अप्पा सरळच चालले होते.

"अप्पा, डावीकडे! डावीकडे!"

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. चाकं कडेच्या गवतावरून गेली आणि गाडी परत डांबरावर आली. हसू थांबलं होतं. उरलेली फेरी त्यांनी सायकलच्या वेगाने पुरी केली. प्रत्येक वळण ती सांगत होती.

"मागच्या वर्षी दिसलं असतं गं," ट्रॅकवरून बाहेर वळताना ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "दादाला सांगू नकोस."

कठड्यापाशी दादा धावतच आला. "एवढ्यात का आलात? मध्येच वेग का कमी केला? ब्रेक बिघडले का?"

अप्पा हेल्मेटचा पट्टा सोडवत होते. महिनोन्‌महिने दादाला तोंडावर सुनावणाऱ्या धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"ब्रेक चांगले आहेत, दादा," ती म्हणाली. "अप्पांचं मन भरलं."