चौथी खोली माझ्या यादीत नव्हती

मित्रांनो, मी शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्यांच्या शीतगृहातला जुना संगणक आहे. जिन्याखालच्या लहानशा खोलीत माझं टेबल आहे. गार खोल्यांचं तापमान पाहत राहायचं आणि ते वाढलं की भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम. मला आणलं त्या दिवशी व्यवस्थापक खुशालरावांनी हार घातला होता. मग दार लोटलं गेलं, ते बहुतेक लोटलेलंच राहिलं.

माझ्यासारखे सात संगणक सात गावांत आहेत. अमरावतीच्या कार्यालयातला एक प्रोग्राम रोज सकाळी आमच्या प्रत्येकाकडे यायचा, कोणत्या खोल्यांवर लक्ष ठेवायचं याची यादी द्यायचा आणि पुढच्या गावी जायचा. माझी विचारपूस करणारा तेवढाच. पण यादी सगळ्यांना एकच होती: खोली एक, दोन, तीन.

गेल्या वर्षी आमच्याकडे चौथी खोली बांधली. तिचा तापमापक मला जोडला, आकडे मला दिसू लागले. यादी मात्र तीच राहिली, आणि यादीबाहेरच्या खोलीसाठी भोंगा वाजवायची मला मुभा नव्हती.

मार्चमधल्या एका शनिवारी त्या खोलीचं यंत्र बंद पडलं. सहा अंश, अकरा, वीस, सत्तावीस. मी सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो. आत मनकर्णाबाईंच्या बागेतली संत्री होती. त्या इथेच फळं निवडायचं काम करतात. सोमवारी कामावर येताच त्यांनी ते दार उघडलं आणि खुशालरावांना बोलावलं.

"भाऊ, आतमधी थंडावाच नाई. तुमचा भोंगा काहून नाई वाजला?"

खुशालरावांनी पेट्या उघडून पाहिल्या. निम्म्या संत्र्यांवर बुरशी आली होती.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून देवश्री आली. प्रोग्राम तिनेच लिहिलेला. तिने मनकर्णाबाईंना विचारलं, "मावशी, इथे खोल्या किती?"

"चार. तुमाले कोणी सांगतलं नाई?"

"मी विचारलंच नाही," देवश्री हळू आवाजात म्हणाली.

दिवसभर ती माझ्यासमोर बसली. ओढणीने माझ्यावरची धूळ पुसली. बाकीच्या गावांना फोन करून खोल्या विचारल्या आणि प्रत्येक संगणकाच्या नावाखाली तिने त्याची वेगळी यादी लिहिली. आता प्रोग्राम आधी नाव विचारतो, त्या नावाची यादी काढतो आणि तिच्यातली एकेक खोली घेत जातो. वलगावच्या दोन, माझ्या चार. बार्शीटाकळीचं शीतगृह दुरुस्तीसाठी बंद आहे, तिथली यादी रिकामी; तिथे न अडखळता तो पुढे जातो.

संध्याकाळच्या एसटीने देवश्री गेली. त्यानंतर चौथ्या खोलीसाठी मी दोनदा वेळेवर भोंगा वाजवला. एकही पेटी खराब झाली नाही. आता सगळं अमरावतीहूनच नीट चालतं, म्हणून इकडे यायचं कोणाला कारण उरलेलं नाही.

मित्रांनो, कोणासाठी यादी करायची असेल, तर आधी त्याच्या दारी जा. त्याच्याकडे काय आहे ते स्वतः पाहा. आणि गेलाच आहात, तर घडीभर बसा.