डाव्या पायाचा वाटा

रविवारी सकाळी आठ वाजता करी रोडच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर कुशाबा परबांनी कोंबड्याचे पाय बांधायला घेतले. डाव्या पायात निळा दोरा दिसला आणि त्यांचा हात थांबला.

"गो श्रेया, हो दोरो कोणी बांधलो?"

नऊ वर्षांची नात दारात उभी होती. "धम्मपालने. डावा पाय त्याचा आहे. मी दिलाय."

मे महिन्यात गावाहून आणलेलं हे पिल्लू श्रेया कुणाला हात लावू देत नसे. शेजारचा धम्मपाल जवळ आला की ती टोपली उचलून घरात न्यायची. गणपतीला परब मंडळी गावी गेली, तेव्हा कोंबडा धम्मपालच्या घरी राहिला. परत आल्यावर तो श्रेयाकडे येईना, धम्मपालच्याच मागे गॅलरीभर फिरे. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच त्याच्या दारात गेली. "उजवा पाय माझा, डावा तुझा. पण रात्री माझ्याकडे." दोघांनी आपापला दोरा बांधला.

घरात हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कोंबडा कशासाठी वाढतोय हे श्रेयाला कुणी सांगितलं नव्हतं.

गिरणीच्या भिंतीलगतच्या पिंपळाखाली परब दर मार्गशीर्षात राखण देत, म्हणजे जागेच्या राखणदाराला कोंबडा कापत. गेल्या वर्षी टॉवरच्या कामाचे पत्रे तिथपर्यंत आले आणि राखण चुकली. त्याच टॉवरच्या लिफ्टवर कुशाबांचा मुलगा, श्रेयाचा बाप विनीत, मेकॅनिक आहे. बुधवारी लिफ्ट त्याला घेऊन दोन मजले घसरली. खांद्याच्या दुखापतीवर निभावलं. त्याच रात्री कुशाबांनी नारळ ठेवून हाच कोंबडा द्यायचा नवस बोलला. आज विनीत पुन्हा ड्युटीवर गेला होता.

खाली शेजारच्या दुसऱ्या टॉवरच्या खोदकामाची तांबडी धूळ उडत होती. पायलिंगच्या ठोक्यांनी गॅलरीचे कठडे थरथरत होते.

"दुसरो आणा, बाजारात काय कमी आसत?" कोपऱ्यावरच्या खोलीतला दत्ताराम म्हणाला.

"बोललेलो कोंबो बदलूचो नसता," कुशाबा म्हणाले. "आणि जी वस्तू पुरी आपली नाय, ती राखणदाराक चालना नाय. जेणी बांधलो, तेणीच दोरो सोडूचो."

धम्मपाल आईच्या मागून पुढे आला. "अर्धा माझा आहे ना? मग माझा अर्धा सोडून कापा."

दत्तारामला हसू आलं. कुशाबांना नाही.

"काका," धम्मपालची आई वैशाली म्हणाली, "विनीत आम्हाला काय परका आहे? बुधवारी त्याला हॉस्पिटलात नेणारा याचाच बाप होता. पण आमच्याकडे हे असलं चालत नाही. पोराला सोड म्हणून मी नाही सांगणार."

"माझो झील वर टांगलेलो आसा, वैशाली. तुझो नाय."

खालून पायलिंगचा ठोका आला, मग दुसरा.

श्रेयाने कोंबडा आजोबांच्या हातातून ओढून घेतला. "आजोबा, बाबाला काय होणार आहे?"

"काय होवचा नाय म्हणानच करतंय गो."

"आणि नाही केलं तर?"

कुशाबांनी सुरी फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवली आणि विनीतला फोन लावला. बेल पूर्ण वाजली. परत लावला. लागला नाही.

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये रेंज नसते," वैशाली म्हणाली.

"बुधवारीय तसाच म्हणालंस तू."

श्रेया कोंबड्याला छातीशी धरून खाली बसली. धम्मपाल तिच्यासमोर उकिडवा बसला. कोंबड्याने मान लांब करून त्याच्या शर्टाच्या बटणावर चोच मारली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

"मी आईचं ऐकणार नाही, तुझ्या आजोबांचंपण नाही," तो हळू म्हणाला. "तू बोल. तू बोललीस तर सोडतो."

"मग तो मरेल."

"हो."

"आणि नाही बोलले तर?"

"मला नाही माहीत ना, यार."

साडेदहाच्या सुमारास टॉवरच्या वॉचमनचा फोन आला. लिफ्ट विसाव्या मजल्याच्या वर कुठेतरी थांबली आहे. आत कोण आहे ते अजून कळलेलं नाही. माणसं जिन्याने वर गेली आहेत. कुशाबा चप्पल न घालताच खाली धावले, मागून वैशाली.

गॅलरीत दोघं मुलं राहिली. धम्मपालची बोटं निळ्या दोऱ्याच्या गाठीवर होती आणि तो श्रेयाच्या तोंडाकडे बघत होता. अकरा वाजेपर्यंत ती काही बोललेली नव्हती, आणि टॉवरमधून पुन्हा फोन आलेला नव्हता.