रुखवतातला फोन

वस्तू: टेलिफोन. काळा, तबकडीचा.
वजन: फेकून मारला तर माणूस आडवा.
अवस्था: "चालू हाय का बघ आधी," आत्याचे ओठ म्हणाले.

भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात आम्ही दोघी उभ्या होतो. मी रोहिणी, जन्मापासून बहिरी. आणि माझं लग्न जमवायला देवळ्याहून आलेली उज्वलाआत्या. दुकानदार यादवकाकांनी रिसीव्हर थेट माझ्या कानाला लावला.

"आवाज कसा खणखणीत आहे बघा!"

"छान," मी म्हणाले.

आत्या हसून हसून स्टुलावर बसली. "लोक रुखवतात लाडू मांडतात, चकल्या मांडतात. तू फोन मांडणार? नवरी बहिरी, तुझ्या मनातला तो कुंदन बहिरा, अन् मधी फोन! लय हसतील."

"हसू देत. सोबत चिठ्ठी ठेवणार आहे." मी मोबाईलवरचा मजकूर तिच्यापुढं धरला.

चिठ्ठी, वरचा भाग:
ज्यानं फोनचा शोध लावला त्या ग्रॅहम बेलच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं. बायको बहिरी. तो स्वतः बहिऱ्या मुलांचा मास्तर.

"म्हंजे देवमाणूस की!"

"खाली वाच."

चिठ्ठी, मधला भाग:
मुलांनी हातांची भाषा सोडून तोंडानं बोलावं, हा त्याचा हट्ट. माझ्या शाळेतही तेच. हात हलले की पट्टी. म्हणून मी आज आत्याशी तोंडानं भांडू शकते. म्हणूनच कुंदनशी हातांनी बोलायला मी थेट विसाव्या वर्षी शिकले.

"माझं नाव कशाला घातलं गं?"

"खाली वाच, आत्या."

चिठ्ठी, शेवट:
बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्न टाळावं, असंही त्यानं लिहिलं. पोरं बहिरी होतील म्हणून.

ही ओळ आत्यानं दोनदा वाचली. महिनाभर ती आमच्या घरी हेच म्हणत होती. पप्पांनी निर्णय तिच्यावर सोडलेला. कुंदन ठरत आला, तरी तिनं नामपूरचा एक कांद्याचा व्यापारी धरून ठेवला होता. ऐकू येणारा. त्याच्या घरच्यांना आज उत्तर हवं होतं.

"मग असल्या माणसाचा फोन मांडायचाच कशाला?"

"फोन चांगला आहे म्हणून. त्याचं सगळंच कशाला ऐकायचं?"

"अन् पोरगं बहिरं झालं तर?"

"तर माझ्या-कुंदनच्या घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याशी हातांनी बोलेल. जेवताना, भांडताना, सगळं. आपल्या घरात माझ्याशी कोण बोलतं? 'नंतर सांगते', एवढंच."

यादवकाका उगीच तबकडी पुसत राहिले.

तेवढ्यात आत्याचा मोबाईल उजळला. नामपूरवाले, व्हिडिओवर. तिनं माझ्याकडं पाहिलं, मोबाईल माझ्यासमोर धरला. "सांग. तूच सांग."

मी पदर सावरला नाही, हसले नाही. पंजा सरळ आडवा हलवला. नाही.

पडद्यावरचे चेहरे गोंधळले. आत्यानं माझ्या खांद्याला खांदा लावून मान मोबाईलसमोर घातली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिचे ओठ मला स्पष्ट दिसले.

"पोरगी नाय म्हणते. ... माझं मत? माझं काय विचारता? तिनं सांगितलं, मी फक्त बोलून दाखवतेय."