कूलरखालचं प्लॅस्टिक

हेरंब आठवडाभर परळच्या एका ऑफिसात नेटवर्कचं काम पाहायचा आणि शनिवार-रविवारी लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा. सुटे भाग गिऱ्हाइकानं आणायचे, जोडणी हेरंबची. आतल्या तारा अशा बांधायचा की काचेतून बघत राहावं. त्याचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे जायचं, तसंच ते खोताच्या वाडीतल्या एलिनापर्यंत पोचलं.

एलिना तेवीस वर्षांची. जाहिरातींसाठी ॲनिमेशन करायची आणि पाच मुलींच्या टीममधून गेमिंगच्या स्पर्धा खेळायची. तिचा पीसी हेरंबनं सप्टेंबरात जोडून दिला. ऑक्टोबरात तिचा फोन आला.

"हेरंब, प्रोसेसर अठ्ठ्याण्णव डिग्री दाखवतोय. गेम सुरू केला की पंधरा मिनिटांत मशीन खाडकन बंद. उद्या स्पर्धेची क्वालिफायर मॅच आहे आमची. तू आज येच."

तो दुपारी गेला. चारला दादरला दुसरी जोडणी ठरलेली होती. खोली तापली होती आणि पीसीचे पंखे घरघरत होते. त्यानं बाजूची काच काढली. खरं कारण शोधायचं तर प्रोसेसरवरचा, त्याला थंड ठेवणारा कूलर उतरवायला हवा होता, दोन्हींच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नवी लावायला हवी होती. त्यात तास गेला असता, आणि पेस्टची ट्यूब तो घरीच विसरला होता.

तेवढ्यात एलिनाचे वडील दारात आले. ऑस्वाल्ड अंकल माझगावला गोदीत छत्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर वाडीतली शिलाई मशीनं, मिक्सर, अडकलेली कुलपं, सगळं त्यांच्याकडे यायचं.

"मी गेल्या रविवारी जरा धूळ काढली रे आतली," ते म्हणाले. "रंगाच्या ब्रशनं. नवा कोरा ब्रश होता. प्लगपण काढलेला."

हेरंबला एकदम सुटल्यासारखं झालं.

"मग तेच, अंकल. या वस्तूंना हात नाही लावायचा. हाताला स्टॅटिक करंट असतो, ब्रशलापण. एक झटका बसला की प्रोसेसर अर्धा गेला समजा. हा काय बोटीचा पंप आहे?"

एलिना वडिलांवर भडकली. "डॅडी, तुला कळत नाय तिथे कशाला हात घालतोस? उद्या मॅच आहे माझी!"

अंकल हळूच म्हणाले, "सॉरी गं बाय," आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले.

हेरंबनं पंख्यांचा वेग वाढवला, गेमची सेटिंग्ज उतरवायला सांगितली आणि चारच्या आत दादर गाठलं. सोमवारी एलिनाचा मेसेज आला. मॅच चालू असताना मशीन बंद पडलं होतं, टीम स्पर्धेबाहेर गेली होती. हेरंबनं उत्तरादाखल एक रडका चेहरा पाठवला.

डिसेंबरात तिनं पुन्हा बोलावलं. आता ॲनिमेशनचं कामही धड होत नव्हतं. प्रोसेसर नवाच घ्यावा लागेल का, तेवढं बघून सांग, म्हणाली. या वेळी हेरंब पेस्ट घेऊन, सवडीनं गेला. चार स्क्रू काढून त्यानं कूलर उचलला, उलटा केला आणि तसाच बसून राहिला.

कूलरच्या तळाला पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चिकटलेलं होतं. तळावर ओरखडे पडू नयेत म्हणून कंपनी लावते ते. बसवण्याआधी काढायचं, असं त्याच्यावरच लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. तीन महिने प्रोसेसरची सगळी उष्णता या प्लॅस्टिकखाली कोंडली जात होती. अंकलच्या ब्रशचा काही संबंध नव्हता. चूक पहिल्या दिवसापासूनची होती, आणि त्याची स्वतःची होती.

एलिना स्वयंपाकघरात आईशी बोलत होती. हेरंबनं प्लॅस्टिक सोललं, मुठीत चुरगळलं आणि खिशात टाकलं. तळ पुसला, पेस्ट लावली, कूलर बसवला. एलिनानं गेम सुरू केला. अर्धा तास झाला तरी आकडा अडुसष्टच्या वर जाईना.

"क्या बात है! काय झालं होतं रे?"

"पेस्ट सुकली होती," हेरंब म्हणाला.

एलिनाच्या आईनं, बीट्रिस आंटींनी, त्याच्यासमोर केकची बशी ठेवली. त्यानं ती तशीच बाजूला सरकवली. व्हरांड्यात एक माणूस शिडीवर चढून नाताळच्या दिव्यांच्या माळा जोडत होता.

"दर वर्षी सगळं वायरिंग ऑस्वाल्डच करायचा," आंटी म्हणाल्या. "या वर्षी बोलला, माणूस बोलव. दोन महिने झाले, पान्यांची पेटीपण उघडली नाय. शेजारीण मिक्सर घेऊन आली, तर तिला परत पाठवली. बोलतो, आता माझ्या हातानं चांगली वस्तूपण बिघडते."

अंकल व्हरांड्यातच खुर्चीत होते. हेरंब चपला घालत असताना त्यांनी विचारलं, "चालू झाला ना? मी आत आलो नाय. म्हटलं, आपली सावलीपण नको."

"झाला, अंकल," असं म्हणून हेरंब निघाला.

गिरगावातलं त्याचं घर चालत सात मिनिटांवर. घरी पोचल्यावर त्यानं खिशातलं प्लॅस्टिक कचऱ्यात टाकलं, मग उठून परत बाहेर काढलं. पुढचे आठ दिवस त्यानं स्वतःला नाना तऱ्हांनी समजावलं. मशीन तर दुरुस्त झालंय. अंकलचं वय झालंय, आज ना उद्या त्यांनी हे उद्योग सोडलेच असते. पण ऑफिसात बसल्या बसल्या 'बोटीचा पंप' हे आपलेच शब्द आठवायचे आणि त्याचे कान तापायचे. चूक कुणाचीही होते. पण त्या दुपारी दादरची घाई होती म्हणून त्यानं समोर दिसलेल्या म्हाताऱ्या माणसावर ती ढकलली होती. आणि खरं कळल्यावरही पुरावा खिशात घातला होता.

पुढच्या रविवारी सकाळी तो न सांगता गेला. घरची तिघंही नुकतीच चर्चमधून आली होती. अंकल अजून इस्त्रीच्या शर्टात होते. हेरंबनं उभ्या उभ्या खिशातून प्लॅस्टिक काढून टेबलावर ठेवलं.

"अंकल, तुमच्या ब्रशनं काही झालं नव्हतं. हे कूलरखाली राहिलं होतं. मीच काढायला विसरलो. त्या दिवशी मी न तपासताच तुमच्यावर ढकललं. आणि गेल्या वेळी हे सापडलं, तरी बोललो नाही."

एलिना आधी प्लॅस्टिककडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे क्वालिफायरच्या दिवशी..."

"हो. तेव्हा कूलर काढला असता तर दिसलं असतं."

"आणि मी डॅडीला काय काय बोलले!" तिचा आवाज चिरकला. "नुसतं त्याच दिवशी नाय. दोन महिने बोलतेय. तू माझ्या तोंडून बोलवून घेतलंस ते, हेरंब."

आंटी उठून आत गेल्या. अंकलनी चष्मा लावला, प्लॅस्टिक टेबलावर सपाट केलं आणि अंगठ्यानं चाचपलं.

"एवढंसं?" ते म्हणाले. "मी दोन महिने झोपताना विचार करायचो, नक्की कुठे धक्का लागला असेल. एकेक जागा आठवायचो. ब्रश इथून फिरवला, मग तिथून." त्यांनी प्लॅस्टिक बाजूला सारलं. "गोदीत आम्हीपण चुका केल्या रे. एकदा मी पाणी अडवायचं गॅस्केट उलटं बसवलं. पण वरच्याला सांगितलं त्याच दिवशी. बोट पाण्यात जाणार होती."

"सॉरी, अंकल."

"हां," अंकल म्हणाले. माफ केलं असं ते बोलले नाहीत. मग उठले. "चल, उघड ते मशीन. मला दाखव कसं बसतं."

एलिनानं प्लग काढला. हेरंबनं कूलर उतरवला आणि पेस्ट पुसली. अंकलनी त्याला पुन्हा लावू दिलं नाही. पेस्टचा थेंब त्यांनी स्वतः ठेवला, कूलर टेकवला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. मग त्यांनी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायला सुरुवात केली.

"एक बाजू पूर्ण आवळशील तर दुसरी उचलते," ते हेरंबकडे न बघता म्हणाले. "तू कसा आवळतोस?"

"एकेक करून, अंकल."

"चूक."

मशीन सुरू झालं. तापमान आधीपेक्षा दोन डिग्री कमीच आलं. एलिनानं वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. हेरंब आपली पिशवी उचलून बाहेर आला. त्याला थांब कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी जाऊन त्यानं वही काढली. वर्षभरात त्यानं सतरा मशीनं जोडली होती. पहिला नंबर गौतमचा, लालबागचा.

"गौतम, हेरंब बोलतोय. तुझ्या प्रोसेसरचं तापमान किती दाखवतंय, जरा बघतोस? नाही, तुझं काही चुकलेलं नाही. माझंच काम तपासतोय."